पाव किलोची वजाबाकी

अंगणवाड्या तपासण्याचं काम मी घेतलं तेव्हा माझी खात्री होती की लबाडी एकाच दिशेनं असते. कागदावर मुलं गुटगुटीत, प्रत्यक्षात हडकुळी. नांदेड-लातूरकडच्या गावांत माझा काटा घेऊन फिरताना मी तेच शोधत होते, आणि खरं सांगायचं तर सापडलं की मला बरंही वाटायचं.

अर्धापूरजवळच्या एका अंगणवाडीत मात्र उलटंच निघालं. माझ्या काट्यावर प्रत्येक मूल नोंदवहीपेक्षा जड भरत होतं. आणि प्रत्येक वेळी फरक पाव किलोचाच. मी काटा दोनदा तपासला, सपाट फरशीवर सरकवून पाहिला. फरक तसाच.

"ताई, हे काय आहे?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

सेविका शांत होती. वीस वर्षं याच गावात पोरं सांभाळलेली बाई. म्हणाली, "मॅडम, पोरांच्या अंगावरचं बघा की. तोडे, कडी, कमरेची साखळी. बारशात घातलेली चांदी मायबाया काढू देत न्हाईत, नजर लागती म्हन्त्यात. मग मी पाव किलो वजा करते."

मी चाटच पडले. आमच्या प्रशिक्षणात कपडे काढून वजन घ्या एवढंच सांगतात; चांदीचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. मनात तिला शाबासकी देत मी पुढच्या मुलीला काट्यावर उभं केलं.

तीन वर्षांची मुलगी. नऊ किलो सातशे. वहीत नऊ किलो साडेचारशे, म्हणजे लाल रेघेखाली, अतिकमी वजनाची. लाल रेघेखालच्या मुलाला रोजच्या खिचडीशिवाय एक उकडलेलं अंडं आणि केळं जादा मिळतं. वहीत त्या यादीत हिचं एकटीचंच नाव होतं.

पण हिच्या अंगावर चांदीचा कणही नव्हता.

"हिचं काय वजा केलं?"

सेविका वही चाळत राहिली. "भाऊ झाला तिला. बारशात तिची चांदी त्याला घातली. सहा महिने झाले."

"मग अजून वजाबाकी कशाला?"

"सवय लागली हो, मॅडम." मग वही मिटून म्हणाली, "भाऊ झाल्यापासून घरी तिच्याकडं कोन बघून राहिलंय?"

ही चूक होती की चलाखी, मला आजही सांगता येत नाही. तेव्हा तर डोक्याचा पार भुगा झाला. मी बाहेर जाऊन वरिष्ठांना फोन लावला. ते म्हणाले, जे दिसतं ते लिहा. मला काय दिसत होतं तेच मला कळत नव्हतं. खोट्या नोंदीवर मिळालेलं अंडं खाऊन मुलगी खरीच वर आली होती. ते अंडं नसतं तर ती वहीतल्या आकड्यावरच राहिली असती, कदाचित त्याच्याही खाली गेली असती. आणि माझ्या फॉर्मात दोनच चौकोन होते: नोंद बरोबर, नोंद चूक.

आत येऊन मी 'चूक'वर खूण केली. खरं वजन लिहिलं. नऊ किलो सातशे म्हणजे रेघेच्या जेमतेम वर.

सेविकेनं फॉर्मकडे पाहिलं. चिडली नाही, गयावयाही केली नाही. "मंग उद्यापासून तिचं अंडं बंद. नियमच हाय. तिला तुमी सांगता, का मी सांगू?"

मला स्वतःची लाज वाटली आणि तिचा रागही आला, दोन्ही एकदमच. "तुम्हीच सांगा," मी म्हणाले.

तिनं त्या दिवशीचं अंडं सोलून मुलीच्या हातात दिलं. मुलगी भिंतीला पाठ लावून बसली आणि आधी पांढरं कुरतडून खाऊ लागली, पिवळं शेवटी ठेवून. फॉर्ममध्ये एक प्रश्न उरला होता: या बालकास योजनेचा लाभ झाला का? मी 'होय' लिहिलं. ते खरंच होतं.