काजूच्या तेलावरचा लेख

वेंगुर्ल्याजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. मुलांनीच चालवायचं असं विज्ञान-मासिक आम्ही सुरू केलं, तेव्हा आलेले सगळे लेख मोबाइलवरून उतरवलेले होते. वैतागून मी म्हटलं, “घरात जे दिसतं, त्यावर लिहा.”

नववीतल्या एका मुलीने ते मनावर घेतलं. तिची आई कारखान्यात काजूच्या बिया फोडते. टरफलातल्या तेलाने तिची बोटं काळी का पडतात, कातडी का सोलवटते, हे मुलीने पुस्तकांत शोधलं, आईला विचारलं आणि लिहून आणलं. इतकं सरळ, खरं लिखाण मी शाळेत कधी वाचलं नव्हतं. संपादक मुलांनी तो लेख पहिल्या पानावर घेतला.

अंक छापायला जायच्या आधी तिची आई शाळेत आली. हात पदराखाली झाकलेले.

“बाई, ता छापू नका. मालकान वाचल्यान तर माका कामार घेवचो नाय.”

मी म्हटलं, “कारखान्याचं नाव कुठेच दिलेलं नाही.”

“ह्या गावात सगळ्यांका कळता,” ती म्हणाली.

मुलगी शेजारीच उभी होती. मी काहीतरी करेन, या आशेने माझ्याकडे बघत होती. शेवटी तीच म्हणाली, “काढून टाका, बाई.”

लेख काढला.

पुढच्या अंकासाठी मी वर्गात पुन्हा विचारलं, तेव्हा ती मान खाली घालून बसली होती. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “बाई, आधी घरी विचारून येऊ?”

मी हो म्हटलं. त्या अंकाला एकही लेख आला नाही.