अकरा नखांचा दाखला

"सर, टाइप करूनच आणलं. तुमी फक्त सही करा."

आरएफओ तायडे मॅडम, म्हणजे वनखात्याच्या परिक्षेत्र अधिकारी, परतवाड्याहून तडक अमरावतीला आमच्या जनावरांच्या दवाखान्यात आल्या होत्या. मी तेव्हा तिथे डॉक्टर होतो. कागदावर लिहिलं होतं: जप्त केलेली अकराही नखं वाघाची आहेत. मी अजून पाकिटाचं सीलसुद्धा फोडलं नव्हतं. माझं डोकं सणकलं.

"मॅडम, लग्न लागायच्या आधीच बारशाची पत्रिका छापली काय?"

"जामिनाची तारीख जवळ आली, सर. माणूस सुटून जाईन."

माणूस म्हणजे बाजारात ताईत विकणारा सुखदेव. वन्यजीवांच्या केसमध्ये कोर्टाला आधी तज्ज्ञाचा दाखला लागतो, की हा अवयव अमुक प्राण्याचाच आहे. तो नुसता देऊन भागत नाही. पुढे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून निभवावा लागतो. वकील आमची सालटी काढतात ती तिथे.

सील शाबूत असल्याची नोंद करून मी पाकीट उघडलं. खऱ्या नखाच्या बुडाशी आत हाड असतं. बैलाच्या शिंगातून कोरलेल्या नखात ते नसतं. बाहेरून पॉलिश दोन्हींना सारखंच. म्हणून एक्स-रे काढायला घेतले, प्रत्येक नखाशेजारी शिशाचा नंबर ठेवून.

पहिलं शिंग. दुसरं शिंग. पाच-सहा झाली तसा मॅडमचा चेहरा पडला. त्या स्वतः गिऱ्हाईक बनून सुखदेवपुढे बसल्या होत्या, तेव्हा कुठे तो सापडला होता.

"राहू द्या सर. केसच मेली. शिंग इकलं त वाइल्डलाइफचा गुन्हा होत नाही."

"अकरा आणलीत ना? मग अकरा पाहू."

नवव्याच्या फिल्मवर बुडाशी पांढरं हाड स्वच्छ दिसलं. मॅडमनी टाळीच वाजवली. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोला. वाघ की बिबट्या हे ठरवायला ते नख डीएनए तपासणीसाठी लॅबला पाठवलं. रिपोर्ट आला, वाघ. बाकीची दहा शिंगाची निघाली होती. मॅडमचा कागद बाजूला ठेवून मी नवा दाखला केला आणि प्रत्येक नखाबद्दल वेगळं लिहिलं.

यथावकाश अचलपूरच्या कोर्टात उलटतपासणी झाली. आरोपीच्या वकिलांनी एक नख माझ्या नाकासमोर धरलं.

"डॉक्टर, हे वाघाचं?"

"नंबर चार. बैलाचं शिंग. दाखल्यात तसंच लिहिलंय."

त्यांनी दुसरं उचललं. तेही शिंग, तेही लिहिलेलं. तिसऱ्यांदा त्यांनी पाकिटात हात घातला नाही.

सुखदेवला शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी मी दुसऱ्या केसच्या समन्सवर तिथेच होतो. पोलिसांबरोबर जाताना तो व्हरांड्यात माझ्यापुढे थांबला. रागावलेला नव्हता, खरंच बुचकळ्यात पडलेला होता.

"साहेब, मी त शिंगाचेच इकून राह्यलो होतो. गिऱ्हाइकाले इस्वास बसाले एक असली जवळ ठेवाच लागते. समदेच ठेवतेत. ते इकाचं नोतंच. मंग मले काहून?"

मी म्हणालो, "शिंगाच्या नखांसाठी कोणी बैल मारला नाही, बाबा. त्या एकासाठी वाघ मेला."