तीन चकोट डोकी

दुपारची झोप मला आयुष्यात फार कमी मिळाली. तीन मुलगे, दोन खोल्या आणि वणीचा मे महिना. यात ती मिळणार कुठून? लोक म्हणत, तीन मुलगे म्हणजे नशीब काढलं बाईनं. मी हो म्हणायची, भिंतीला पाठ टेकून डोळे मिटायची, आणि तेवढ्यात पाण्याचा माठ फुटल्याचा आवाज यायचा.

यजमान जंगल खात्यात कारकून. उन्हाळा लागला की तेंदूपत्त्याच्या कामावर कॅम्पला जायचे ते दोन-दोन, तीन-तीन आठवडे. शाळेला सुट्टी लागायची आणि बाप घरातून जायचा, दोन्ही एकदमच. ऊन लागू नये म्हणून मी पोरांच्या खिशात एकेक कांदा घालून द्यायची. ती निर्गुडा नदीच्या डोहावर पोहून यायची आणि येताना कांदे खाऊन टाकायची. कुरडयांचा चीक शिजवला की साच्यात भरायच्या आत निम्मा यांच्या पोटात. रागवायचं तरी कोणाकोणावर? माझ्याजवळ एकच औषध होतं: "बाबानं सांगतलं हाये." पोहू नका, बाबानं सांगतलं हाये. कारली खा, बाबानं सांगतलं हाये. तिकडे जंगलात पत्त्याच्या पुडक्यांत बसलेल्या माणसाला पत्ताही नसायचा की आज आपण घरी काय काय बंद केलं. पोरं माझ्यावर कधी रुसली नाहीत. मला ते आवडायचं.

आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या उन्हाळ्याची गोष्ट. मोठा तेव्हा चौदा-पंधराचा. आवाज फुटत होता, आणि खोबरेल लावून भांग पाडण्यात त्याची सकाळ जायची. न्हाव्याला मी घरी बोलावलं आणि म्हटलं, तिघांचं चकोट करून टाका. धाकट्याचं झालं, मधल्याचं झालं. मोठा खांब धरून उभा.

न्हाव्यानं वस्तरा थांबवला. "वहिनी, याचंबी?"

"हो. घामोळ्या झाल्या हायेत त्याले."

"घामोळ्या पाठीवर हायेत. अन् बाप जित्ता असताना मोठ्या पोराचं असं सपाट नाही करत आमी."

मोठ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बाबानं सांगतलं हाये."

तो मुकाट्यानं येऊन बसला. न्हाव्यानं हाताच्या सवयीनं तिघांनाही शेंडी ठेवली.

आता खरं सांगते. घामोळ्या निमित्त होत्या. मला दुपारी झोपायचं होतं, एवढंच. केस गेले की मोठा लाजून घरात बसेल, तो बसला की धाकटे बसतील, असा माझा हिशेब. तो डोक्याला पंचा गुंडाळून बसलाही. पण घरात बसून ती तिघं जी भांडायला लागली, त्यापेक्षा डोह बरा होता. तिसऱ्या दिवशी मीच त्यांना मोटार स्टँडवर पिटाळलं. माहेरून आंब्यांची टोपली येणार होती.

टोपली जड. मोठ्यानं डोक्यावरचा पंचा सोडला आणि त्याची चुंबळ केली. माझ्या माहेरच्या गावचे एक शेजारी तिथे परतीच्या मोटारीची वाट बघत होते. त्यांना दिसली ती ओळीनं उभी तीन उघडी डोकी, तीन शेंड्या आणि मोठ्याचं सुतकी तोंड. अशा वेळी बाप कधी गेला, हे पोरांना कोण विचारतं? त्यांनी मोठ्याच्या पाठीवर हात ठेवला, धाकट्याला फुटाणे घेऊन दिले आणि डोळे पुसत मोटारीत बसले. फुटाणे कशाबद्दल, हे धाकट्यानं घरी येऊन मला विचारलं होतं. मी म्हटलं, खाय चुपचाप.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी रडणं ऐकू आलं. कोणाकडे झालं म्हणून मी तशीच धावले, हात चिकानं भरलेले. पाहते तर बैलगाडीतून माझी आई आणि काकू उतरत होत्या. आई ऊर बडवायची मध्येच थांबली.

"अवं, कुकू काहून लावलं व तू?"

"कायले नाही लावू?"

"जावाई..."

"कॅम्पवर हायेत. काय झालं त्यायले?"

आई रस्त्यातच बसली. काकूनं डोळे पुसले आणि दारातल्या तिघांकडे बोट केलं. "मंग या पोट्ट्यायचं डोस्कं कायले भादरलं? बाप मेल्यावानी!"

सगळी गल्ली जमली होती. लोक हसायला लागले. मीही हसले. मोठा आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.

माझा भाऊ सायकल मारत परस्पर कॅम्पवर गेला होता. मेहुणे झाडाखाली भाकर खात बसलेले पाहून तो म्हणे आधी त्यांच्या पाया पडला. संध्याकाळी दोघंही घरी आले. दिवसभरात आईलाही मी तेच औषध दिलं होतं, बाबानं सांगतलं म्हणून. यजमानांनी चपला काढल्या नसतील, तोच ती सुरू झाली. "जावाईबापू, तुमी सांगतलं म्हने असं कराले? शिकलेले मानसं तुमी!"

त्यांना काही कळेना. त्यांनी मोठ्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "तुमीच सांगतलं. आई म्हने."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चुलीतलं लाकूड पुढे सारत राहिले.

"हो," ते म्हणाले. "म्याच सांगतलं होतं. ऊन लय हाये यंदा." आणि मोठ्याला म्हणाले, "येतीन केस."

"तुमाले काय," तो म्हणाला.

हात धुवायला पाणी देताना मी हळूच विचारलं, "काहून घेतलं अंगावर?"

"पोरगं एकावरच रागावलेलं बरं. दोघांवरबी रागावलं तर जेवाले कुठी जाईन?"

शाळा उघडेपर्यंत केस बोटभर आले. राग मात्र गेला नाही, उलट वाढला. त्या उन्हाळ्याच्या आधीचंही सगळं त्यात जमा होतं. कारली, डोह, सगळं. ते सारं माझं होतं आणि त्यांच्या नावावर होतं. मॅट्रिक झाल्यावर यांनी यवतमाळच्या कॉलेजचं नाव काढलं, तर तो म्हणाला, "तुमी सांगान अन् म्या डोस्कं पुढं करीन, ते दिवस गेले." राजूरला खाणीच्या ऑफिसात लागला. मी तेव्हाही बोलले नाही. उद्या सांगू म्हणायची. एवढी वर्षं तो सुट्टीला यायचा, बापापासून हातभर अंतरावर बसायचा आणि मला हाक मारून म्हणायचा, "आई, बाबाले विचार, पेपर वाचून झाला काय." हे मला मुकाट पेपर द्यायचे. मी तो तिकडे द्यायची.

या मे महिन्यात एका दुपारी घरात मोठा आणि मी, आम्ही दोघंच होतो. मी सांगून टाकलं. झोपेसाठी केलं, हेही सांगितलं.

तो उठून बसला. "बाबाले माहीत होतं?"

"त्याच दिवसापासून."

तो हसेल असं मला वाटलं होतं. इतक्या वर्षांची गोष्ट, हसण्यासारखी होतीही. तो हसला नाही.

"मंग आता म्या तुह्यावर रागावू काय?"

"रागाव," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी आत भाजी फोडणीला टाकत होते. बाहेर दोघं बसले होते. मोठ्याचा आवाज आला, "बाबा, आईले विचारा, जेवाले वेळ हाये काय."

पेपर खाली ठेवल्याचा आवाज झाला. यजमान आतल्या दारात येऊन उभे राहिले. "अवं, पोरगं विचारून राह्यलं..."

"ऐकलं मी," मी म्हणाले. "अर्धा घंटा हाये म्हना त्याले."