दोन बायांचा कोयता

टाकळीच्या धुरपताबाईला गाता येत नव्हतं, आणि हे तिच्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं. रविवारच्या उपासनेत पहिलं कडवं ती अशा उंच पट्टीत धरायची की मागची माणसं दुसऱ्याच ओळीला हात टेकायची. मग ती एकटीच गीत शेवटापर्यंत ओढून न्यायची. तिचा नवरा वैजीनाथ मिशनचा उपदेशक, गळ्याने गोड. तो म्हणायचा, "धुरपते, तू मनातल्या मनात म्हण. देवाला तसंबी ऐकू येतं."

"देवाला येतंय, पर मानसाला न्हाई येत," ती म्हणायची आणि पुन्हा तोंड उघडायची.

टाकळी पाथरीपासून दीड कोसावर. गावाच्या खालच्या अंगाला अकरा घरांची वस्ती, ती सगळी ख्रिस्ती. वस्तीच्या मधोमध मातीच्या भिंतींचं, वर पत्रे टाकलेलं प्रार्थनाघर. वैजीनाथने याच घराच्या ओसरीवर तिला वयाच्या तिसाव्या वर्षी अक्षर शिकवलं. रझाकारीच्या धामधुमीत वस्ती गोदाकाठच्या रानात पळाली, तेव्हा चालता न येणाऱ्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन नवराबायको मागे राहिली होती. पुढे त्रेपन्न साली हिवतापाने वैजीनाथ गेला. मिशनने धुरपताबाईला बायबलबाई म्हणून ठेवलं. पिशवीत पुस्तक घालून आसपासच्या गावांत फिरायचं, बायकांना वाचून दाखवायचं, आजाऱ्यापाशी बसायचं आणि रविवारी वस्तीची उपासना चालवायची, हे तिचं काम. ती उंच होती, भराभर चालायची, आणि कुणी दारातून हाकललं तर शेजारच्या दारात जाऊन त्याच आवाजात सुरुवात करायची.

हाकललं जाण्याचं तिला कधी दुःख झालं नाही. तिला खाऊन टाकणारी गोष्ट वेगळी होती. दरवर्षी दिवाळी झाली की वस्ती ऊसतोडीला नगरकडे जायची ती चैत्रात परतायची. पाच महिने प्रार्थनाघरात दोन म्हाताऱ्या, एक शेळी आणि ती. आणि गेलेली माणसं होती तशी परत येत नव्हती. मागच्या साली लिंबाजीचं तान्हं पोर उसाच्या फडातच वारलं. मातीपाशी चार शब्द बोलायलाही कुणी नव्हतं. कुणीतरी बुवा आणला, त्याने पोराच्या आईला दोरा बांधला. गावी आल्यावर लिंबाजी आणि त्याची बायको कोकिळा दोन महिने उपासनेकडे फिरकली नाहीत. धुरपताबाई घरी गेली, तेव्हा लिंबाजी तोंड फिरवून म्हणाला, "बाई, तवा कुटं व्हता तुमचा देव?"

"देव व्हता, लिंबाजी," ती म्हणाली. "मी नव्हते."

छप्पन साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच महिन्यात परभणीहून मिशनचे पाळक दिनकरराव सायकलवरून टाकळीला आले. मनाने चांगला माणूस, फक्त कागदाला फार भिणारा. चहा घेऊन त्यांनी घसा साफ केला.

"धुरपताबाई, कमिटीचं ठरलंय. गेले दोन नाताळ मी इथे आलो आणि मंडळी दिसलीच नाही. यंदाच्या नाताळला वस्ती हजर दिसली तर ठीक, नाहीतर मिशनचं हे ठाणं बंद. तुमची सोय केलीय. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला या."

"नाताळाला मंडळी फडात असती, साहेब. हितं कशी दिसल?"

"म्हणूनच तर…"

"मंग तुमी फडात या."

दिनकरराव दचकले. "अहो, तो भाग आपल्या हद्दीत नाही. तिकडे दुसऱ्या मिशनचं काम चालतं. तिथे आपण कसं जायचं?"

"ऊस तोडनारी मानसं टाकळीची का नगरची?"

"टाकळीची."

"मंग हद बी टाकळीचीच. आमची हद मानसासंगं चालती, साहेब. तुमचं कुलूप तुमी खुशाल लावा. मी औंदा फडात चालले."

मुकादम भुजंग पारावर बसून टोळी धरत होता. धुरपताबाई समोर उभी राहिली तेव्हा त्याला वाटलं, ही पुस्तक वाचायला आली.

"मावशे, आज नगं. कामात हाय."

"मीबी कामालाच आले. मला धर टोळीत."

भुजंग इतका हसला की त्याला ठसका लागला. "आगं, कोयता म्हंजी जोडा! नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं मोळी बांधायची. तुझा नवरा गेला वर. अर्धा कोयता कोन घेतंय?"

"अर्धाच नगं ना तुला? दुसरा अर्धा आणते. उद्या सांजच्यापस्तोर जागा ठिव."

दुसरा अर्धा आणायचा कुठून, हे तिला ठाऊक नव्हतं. वस्तीतली सगळी माणसं जोडप्यांनी बांधलेली. गावात एकटी बाई एकच होती, वरच्या आळीची कडूबाई. तीही विधवा, माहूरच्या आईची भक्त, मंगळवारी परडी घेऊन जोगवा मागणारी. धुरपताबाई पिशवी घेऊन दारावरून गेली की ती ओरडायची, "आली बगा ईसूची सासू!" पण कडूबाईची सून तिला भाकरीचा तुकडा मोजून घालते, हेही गावाला माहीत होतं. भुजंगाने तिलाही मागच्या साली हसून परत पाठवलं होतं.

धुरपताबाईने उंबऱ्यातूनच विचारलं, "कडू, ऊस तोडायला येतीस का?"

"तुज्यासंगं? किरिस्ताव करायला नेतीस व्हय मला?"

"मला मोळ्या बांधायला मानूस पायजे. बाकीचं तुझं तू बग."

सुनेने आतून भांडं आपटलं. "माझी परडी मी घिऊन येनार," कडूबाई म्हणाली. "कोपीत टांगनार. आन् मंगळवारी जोगवा मागनार. तुज्या देवाला चाललं का?"

या प्रश्नापाशी मात्र धुरपताबाई अडखळली. पाचटाच्या एका झोपडीत, एका कोपीत, परडी आणि पुस्तक! वस्ती काय म्हणेल, दिनकरराव काय म्हणतील? मग तिला लिंबाजीचं फिरवलेलं तोंड आठवलं.

"अर्धी कोपी तुझी, अर्धी माझी," ती म्हणाली. "तुज्या अर्ध्यात मी बघनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी भुजंगासमोर दोघी उभ्या राहिल्या. तो म्हणाला, "दोन म्हाताऱ्या! आठ दिवसांत पळून याल."

"तुज्या तोंडाला किडं पडू," कडूबाई म्हणाली. "म्हातारी कुनाला म्हन्तूस रे?"

पहिले आठ दिवस खरोखरच वाईट गेले. पाचटाने दोघींचे हात सोलून निघाले. धुरपताबाई तोडायची, पण बुडाशी वाकून घाव घालायची सवय नव्हती. कोयता वर लागायचा, गोड बुडखा जमिनीतच राहायचा आणि भुजंग ओरडायचा, "मावशे, साखर मातीत ठिवली!" कडूबाई मोळी बांधून डोक्यावर घ्यायची आणि ट्रकला लावलेल्या फळीवरून चढताना धुरपताबाईच्या सात पिढ्या काढायची. वस्तीतली माणसं तर कोपीतली परडी बघून कुजबुजायला लागली. "बाईच बिघडली," असं व्यंकटी उघड म्हणाला. वयाने वडीलधारा तो. त्याचं म्हणणं लागलं तिला. पण ती उलटून एवढंच म्हणाली, "व्यंकटीदादा, तुमाला शिकवायला आले तर माझं इमान बगा. कडूची परडी नगा बगू."

मंगळवारी कडूबाई टोपली पुढे करायची. धुरपताबाई तीत भाकरी टाकायची आणि दर खेपेला बजावायची, "जोगवा म्हनून न्हाई, भूक लागली असंल म्हनून देते."

"पोटात गेल्यावर आईला काय कळतंय?" कडूबाई म्हणायची.

फडात सुटी नव्हती. म्हणून रविवारी दुपारच्या भाकरीच्या वेळी धुरपताबाई तोडलेल्या उसाच्या ढिगाच्या सावलीला पुस्तक उघडायची. एक उतारा, एक प्रार्थना आणि तिच्या उंच पट्टीतलं एक गीत. पहिल्या रविवारी चौघे आले. तिसऱ्या रविवारी कोकिळा जरा अंतरावर भाकरी खात बसली. चौथ्या रविवारी तीच म्हणाली, "बाई, माज्या लेकराच्या मातीपाशी याल का? लांब न्हाई, पलीकडच्या बांधाला हाय." धुरपताबाई गेली. आता तिथे ओळखायला एक दगड तेवढा होता. ती बोलली थोडं आणि बसली जास्त. उठताना लिंबाजी मागे उभा दिसला. तो पुढच्या रविवारी आला.

माणसं वाढली तशी भुजंगाची नजर फिरली. "बास झाली आता तुझी शाळा," तो एके दुपारी म्हणाला. "मानसं घडीघडी बसायलेत. येत्या इतवारपासून बंद. न्हाईतर तुझा कोयता मोडला, जा गावाकडं."

धुरपताबाईने पुस्तक मिटलं नाही. "भाकरीचा येळ मानसाचा असतो, भुजंगा, मुकादमाचा न्हाई. आमच्या दोघींच्या मोळ्या कमी भरल्या तर बोल. त्या कमी न्हाईत."

"मी म्हन्तो बंद!"

तेव्हा उसापलीकडून कडूबाई उठली. तिच्या तोंडात भाकरी होती, ती तिने आधी नीट गिळली. "कोयता कुनाचा मोडतूस रे? तो दोघींचा हाय. तिचा देव तिचा, माझी आई माझी, पर कोयता एक हाय. तिला काडलंस तर मला काडलंस. आन् मी गेले तर जाताना तुज्या दारावर आईचं नाव घिऊन बसन. मंग बग."

भुजंग धुरपताबाईच्या देवाला भीत नव्हता, पण माहूरच्या आईला भीत होता. तो पुटपुटत निघून गेला. धुरपताबाईला हे काही रुचलं नाही. "कडू, तू त्याला देवीचा धाक घातलास. हे बरं न्हाई."

"मंग तुज्या देवाचा घातला असतास," कडूबाई म्हणाली. "वाच गुमान, भाकरीचा येळ चाललाय."

नाताळच्या दिवशी दुपारी एक सायकल फडाच्या कडेला येऊन थांबली. कोट, पॅन्ट, बूट आणि अंगभर धूळ. दिनकरराव! रेल्वेने येऊन पुढे दहा मैल सायकल मारली होती त्यांनी, आणि हद्दीबाहेर जायची परवानगी विचारलीच नव्हती. कोपीच्या सावलीला बसवून धुरपताबाईने त्यांना पाणी दिलं. त्यांचं लक्ष कोपीतल्या परडीकडे गेलं.

"धुरपताबाई, हे काय?"

"ती तिची अर्धी बाजू हाय, साहेब. तुमी माझ्या बाजूला बगा."

त्यांनी पाहिलं. तिच्या बाजूला पुस्तक होतं, कोयता होता आणि रक्त लागलेल्या चिंध्या होत्या, हाताला बांधायच्या.

"उपासना तुमीच घ्या आज," ती म्हणाली. "पर टरक उभी हाय. आदी चार मोळ्या बांधू लागा."

पाळकसाहेबांनी कोट काढून बांधलेली मोळी कडूबाईने उचलली आणि फळीच्या मध्यावर ती सुटून ऊस खाली पसरला. अख्खी टोळी हसली. दिनकररावही हसले आणि पुन्हा बांधायला बसले. मग उसाच्या सावलीत अकराच्या अकरा घरं बसली, आणि तिथे हजेरी घ्यायची त्यांना आठवणही राहिली नाही.

जाताना ते म्हणाले, "मी कमिटीला सगळं लिहीन. पण ठाणं वाचेल असं वचन देत नाही."

"नगा देऊ," ती म्हणाली. "आमी त्याची वाट बगून बसलो न्हाई."

आणि ठाणं वाचलंही नाही. चैत्रात टोळी टाकळीला परतली तेव्हा प्रार्थनाघराला नवं कुलूप होतं. माणसं अंगणात बोचकी धरून उभी राहिली. कोकिळाच्या डोळ्यांत पाणी आलं. धुरपताबाईने कुलूप हाताने हलवून पाहिलं, चांगलं मजबूत होतं.

"वर्सातले पाच म्हैने आपन हितं नसतोच," ती म्हणाली. "बाकीचे सात बी भाईर बसू. रडायचं काय त्यात? इतवारी लिंबाजीच्या अंगनात या." वसतिगृहातल्या स्वयंपाकाचं बोलावणं पुन्हा आलं, त्याला तिने स्वतःच्या वाकड्या अक्षरात दोन ओळींचं उत्तर पाठवलं: मला इथे काम आहे, मी येत नाही.

त्या दसऱ्याला भुजंग पारावर न बसता आपणहून तिच्या दारी आला. "मावशे, तुमचा कोयता धरू ना?"

"धर. आन् चतुराबाई, बायनाबाईचा बी धर."

"आता ह्या कोन?"

"एक पोखर्णीची, एक पाथरीची. दोघी रांडमुंड, दोघी धडधाकट. त्यांना बी कुनी घेत न्हाई."

भुजंगाने कपाळावर हात मारला. मग जरा आवाज खाली आणून विचारलं, "आन् इतवारची दुपार?"

"ती तर धरलेलीच हाय," धुरपताबाई म्हणाली आणि कोयत्याला धार लावायला बसली.