चाकामागची काडेपेटी

ओशन व्ह्यूच्या निम्म्या वस्तीला पर्सी क्लाइनस्मिटनं गाडी शिकवली. एकतीस वर्षं त्यानं दुसरं काही केलं नाही. मच्छीमार, नर्स, दोन पाद्री आणि एक चोरसुद्धा त्याच्या हाताखालून गेला. चोर पुढे गाडीसकट पकडला गेला, पण पकडणारा पोलीसही म्हणाला म्हणे, की वळणं मात्र फार सुरेख घेत होता. शिकली नाही ती एकटी पर्सीची बायको डल्सी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिनं विचारलं होतं, "मला कधी शिकवतोस?"

"एका घरात दोन ड्रायव्हर झाले की भांडणं होतात," पर्सी म्हणाला.

पुढे दर दोन-चार वर्षांनी ती विचारायची, तो नवा विनोद करायचा, आणि ती निमूट डावीकडचं दार उघडून त्याच्या शेजारी बसायची. अशी चाळीस वर्षं गेली. रविवारी सकाळी ती कुसिस्टर तळायची, सुंठ-वेलदोड्याचे गोड वडे, पाकात बुडवून खोबऱ्यात घोळलेले. गरम डबे मागे रचून पर्सी तिला गिऱ्हाइकांच्या दारोदार न्यायचा. डबे संपले की तो रेड हिलच्या घाटानं गाडी पळवायचा आणि वळणावर डल्सी दाराचा दांडा घट्ट धरून हसायची. या बाईला हसताना फक्त त्या घाटानं पाहिलं असेल, कारण वस्तीत ती फार गंभीर म्हणून प्रसिद्ध होती.

घाट उतरला की सायमन्स टाउन. पर्सीचा जन्म तिथल्या एका उभ्या चढाच्या गल्लीतला. तो पंधरा वर्षांचा असताना वर्णभेदी सरकारनं ते गाव फक्त गोऱ्यांचं ठरवलं आणि आमच्या माणसांना ट्रकमध्ये घालून डोंगरापलीकडे आणून टाकलं. वस्तीला नाव दिलं ओशन व्ह्यू. आमच्या गल्लीतून समुद्राचा थेंब दिसत नाही. नाव ठेवणाऱ्याला कीड पडो. पर्सी मात्र प्रत्येक शिकाऊला चढ शिकवायला त्याच जुन्या गल्लीत न्यायचा, आपल्या जुन्या घरासमोर. "मला त्यांनी इथून हाकललं," तो म्हणायचा, "आणि मी इथे अख्ख्या वस्तीला थांबायला शिकवलं."

परीक्षेत आमच्याकडे एक नियम फार क्रूर आहे. चढावर गाडी बोटभर जरी मागे सरकली तरी तिथल्या तिथे नापास. म्हणून पर्सी उतरून मागच्या चाकाला टेकवून एक काडेपेटी ठेवायचा. गाडी सुटली आणि पेटी शाबूत राहिली, तर तिच्यातलीच काडी ओढून दिवसाची एकुलती सिगारेट पेटवायचा. पेटी चिरडली तर तो काही बोलायचा नाही. खिशातून दुसरी काढायचा.

सदुसष्टाव्या वर्षी, मार्च महिन्यात, त्यानं शिकवणं थांबवलं. दोन क्लच, दोन ब्रेकवाली ती गाडी एका नव्या मास्तराला विकली आणि घरासाठी गाडी शोधायला लागला. गाडी एकच परवडणार होती, तीही जुनी. पण त्याचं ठरलेलं होतं.

"लहान हवी. गिअर हातानं टाकायचा हवा. मागचं दार वर उघडणारं हवं, आणि मागची सीट पाडली की तुझे सगळे डबे आडवे बसले पाहिजेत," तो डल्सीला सांगायचा. "शनिवारपर्यंत ओझं वाहील आणि रविवारी घाटात नाचेल अशी. एकच बायको, एकच गाडी. दोन्ही कंटाळवाण्या असून चालत नाही."

"बायकोचं कळलं," डल्सी म्हणाली. "गाडीचं बघू."

एप्रिलमध्ये फिश हुकच्या एका निवृत्त मास्तरणीची निळी गाडी त्यांनी पाहिली. इतकी जपलेली, की आत अजून पुस्तकांचा वास होता. डबे बसले. मास्तरणीला विचारून पर्सीनं ती आपल्या त्या जुन्या गल्लीत नेली, चढावर लावली, सवयीनं चाकामागे पेटी ठेवली आणि निघाला. खाली उतरून बघतो तर पेटी चपटी.

"क्लच गेलाय हिचा," पर्सी म्हणाला.

मास्तरणीचं तोंड उतरलं. मागच्याच महिन्यात नवा बसवला होता, असं ती सांगत राहिली.

जूनमध्ये रिट्रीटच्या एका गाडीबाजारातली पांढरी पाहिली. पुन्हा तीच गल्ली आणि चपटी पेटी. यावेळी दोष हॅंडब्रेकच्या तारेचा निघाला. नाचता येईना अंगण वाकडं, हे डल्सीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांना नाचायला शिकवलं, त्याला हे कोणत्या तोंडानं ऐकवायचं?

खरं कारण तिला पुढच्याच महिन्यात कळलं. शुगर त्याला बारा वर्षांपासून होती. जुलैतल्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, एका गुरुवारी तो कचरा टाकून आत आला, खुर्चीत बसला, पेपर उघडला, आणि डल्सीनं पाहिलं की त्याच्या डाव्या पायात चप्पल नव्हती. बाहेर फरशी बर्फासारखी गार होती. चप्पल कचऱ्याच्या डब्यापाशी पडलेली, आणि या माणसाला पत्ताच नाही. तिनं चप्पल आणली, काही न बोलता त्याच्या पायापाशी सरकवली आणि चहा टाकायला गेली. क्लचचा पाय तोच.

त्या संध्याकाळी तिनं बोलायला हवं होतं. तिला हे नंतर फार छळणार होतं. पण तेव्हा तिला वाटलं, उद्या बोलू, रविवारी बोलू, त्याचा जीव गाड्यांत रमतोय तर रमू दे. डबे मांडीवर घेऊन ती शेअर टॅक्सीनं जायला लागली. खचाखच भरलेल्या टॅक्सीत पाक तिच्या झग्यावर सांडायचा. पर्सी मात्र दर आठवड्याला एक गाडी बघून यायचा आणि त्या गाडीत एक खोट काढायचा.

नोव्हेंबरात उर्सुलाचा निरोप आला. ही पर्सीचीच जुनी विद्यार्थिनी, आता शाळेच्या ऑफिसात. तिसरं मूल होणार म्हणून तिला मोठी गाडी हवी होती. तिची लहानशी लाल विकायची होती. पर्सीनं तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून खाली पाहिलं, इंजिन चालू करून डोळे मिटून ऐकलं.

"गाते," तो हळूच म्हणाला. डल्सीनं मागची सीट पाडून डबे लावले. एकही उभा ठेवावा लागला नाही.

तिघं निघाले. उर्सुला मागे, डल्सी तिच्या ठरलेल्या जागी. घाटात पर्सी वळणावळणाला तिसऱ्या गिअरातून दुसऱ्यात येत होता आणि गाडी म्हणाल तशी वळत होती. आठ महिन्यांत पहिल्यांदा डल्सीनं दाराचा दांडा धरला आणि ती हसली. मग गल्ली आली. पर्सी उतरला, पेटी ठेवली, परत बसला. गाडी हातभर मागे गेली आणि थांबली ती डल्सीनं हॅंडब्रेक ओढला म्हणून. चाळीस वर्षांत तिनं हॅंडब्रेकला पहिल्यांदा हात लावला होता.

"क्लच," पर्सी म्हणाला. "क्लचच आहे. उर्सुला, तू ही गाडी नीट वापरली नाहीस."

मागून उर्सुलाचा आवाज आला. "अंकल पर्सी, याच चढावर मी तुमच्या नऊ काडेपेट्या चिरडल्या. दर वेळी क्लचला नावं ठेवली. तुम्ही काय म्हणायचात?"

पर्सीनं आरशातून तिच्याकडे पाहिलं.

"तुम्ही म्हणायचात, क्लच खोटं बोलत नाही, पोरी. पाय बोलतो."

समोरच्या त्याच्या जुन्या घराच्या खिडकीतून एक परकी बाई बाहेर डोकावून गेली. पर्सीनं उजव्या हातानं डावा गुडघा दाबला.

"मला पायाखालचं लागतच नाही," तो शेवटी म्हणाला. "पेडल आहे की जमीन, कळत नाही."

"माहीत आहे," डल्सी म्हणाली. "तुझी चप्पल कचऱ्यापाशी होती."

"जुलैत?"

"जुलैत."

"आणि तू बोलली नाहीस?"

"तू तरी कुठे बोललास?"

त्यानं मान डोलावली. मग म्हणाला, "तर मग आता ऑटोमॅटिक बघू. तिला डावा पाय लागत नाही. डबे कसेही बसोत."

डल्सीनं पाहिलं, तर त्याचा हात गिअरच्या मुठीवर होता आणि अंगठा त्या मुठीवरून फिरत होता. इतकी वर्षं शेजारी बसून तिनं रस्त्यापेक्षा तो हातच जास्त पाहिला होता.

"नाही," ती म्हणाली. "हीच घ्यायची. मी चालवीन. आज घरी उर्सुला नेईल. उतर तू."

बासष्ट वर्षांच्या बाईनं शिकाऊ लायसन्सची लेखी परीक्षा पहिल्या फटक्यात काढली. शिकाऊच्या शेजारी लायसन्सवाला बसलाच पाहिजे असा कायदा. पर्सीचं कार्ड अजून तीन वर्षं चालणार होतं. पाय गेला तरी कार्ड आहे, तो म्हणायचा. खेळाच्या मैदानापासून सुरुवात झाली. पहिले कितीतरी दिवस डल्सी घरातून निघायची ती थेट डाव्या दाराशी जाऊन उभी राहायची. पर्सी आधीच आत बसलेला असायचा, काच खाली करून विचारायचा, "मॅडम, मांडीवर बसताय का?"

तो तिच्यावर एकदाही ओरडला नाही. तिला त्याचंच नवल वाटलं.

"इतका चांगला शिकवतोस," ती एकदा म्हणाली, "मग मला चाळीस वर्षं का टाळलंस?"

पर्सी बाहेर बघत राहिला. "सगळी शिकली आणि एकएकटी निघून गेली. तेच तर माझं काम होतं. तू शिकली असतीस तर माझ्या शेजारी कोण बसलं असतं?"

डल्सीला रागही आला आणि रडूही. तिनं गाडी बंद पाडली. तो म्हणाला, "पुन्हा चालू कर. रडून इंजिन चालत नाही."

फेब्रुवारीपर्यंत तिला सगळं येऊ लागलं. घाटातल्या वळणांवर आता पर्सी दांडा धरायचा आणि हसायचा. राहिला होता फक्त चढ. चढ सगळ्यात शेवटी, हा त्याचा नियम. येत्या शनिवारी गल्लीत जायचं ठरलं. काडेपेट्यांचं नवं पुडकंसुद्धा आणून ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात, बुधवारी, तो कॉमिकीच्या धक्क्यावर जुन्या मित्रांना भेटायला गेला आणि दिवसभर तिथे हिंडला. घरी येऊन डाव्या पायातला बूट काढला, तर आत खडा होता, बोराएवढा. मोजा रक्तानं भिजलेला. त्याला कळलंच नव्हतं. शनिवारी पाय काळा पडला, सोमवारी डॉक्टर पाय कापायचं म्हणाले, तोवर विष रक्तात उतरलं होतं.

हॉस्पिटलात त्यानं तिचा हात मागितला. आपला पंजा उताणा ठेवला आणि तिचा त्यावर दाबायला लावला.

"हा क्लच. आता सोड. हळू. अजून हळू. कुठेतरी गाडी थरथरते, तिथे थांब. थरथर लागली का?"

"लागली," डल्सी म्हणाली. तो तापानं कापत होता.

"मग हॅंडब्रेक सोड. घाबरू नकोस. ती तुला धरते." थोड्या वेळानं म्हणाला, "चढ राहिला, डल्सी. मी आठ महिने फुकट घालवले."

"आपण दोघांनी घालवले," ती म्हणाली.

नवव्या दिवशी पर्सी गेला. अंत्ययात्रेला इतक्या गाड्या आल्या की घाट भरला, आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक गाडी चालवणारा त्याचाच शिकाऊ होता. डल्सी मात्र दुसऱ्याच्या गाडीत मागे बसून गेली. लाल गाडी दारात उभी होती. जो तो आपापली गाडी चालवत होता, तिच्या शेजारी बसायला लायसन्सवाला कुणी मोकळा नव्हता, म्हणून तिला ती चालवता येत नव्हती.

महिन्यानं उर्सुला आली, पोट सांभाळत. "आंटी, चला. चढ राहिलाय."

"दुसरीकडे जाऊ. त्या गल्लीत नको."

"तिथेच," उर्सुला म्हणाली.

पहिली पेटी चिरडली, दुसरीही. तिसऱ्या वेळी डल्सीनं पाय वर आणता आणता हॉस्पिटलात आपल्या तळहाताखाली असलेला तो तापलेला, कापणारा हात आठवला, आणि गाडी जिथे थरथरली तिथे थांबली. हॅंडब्रेक सोडला. गाडी वर निघाली. वर लावून ती चालत खाली आली, तर पेटी रस्त्यात जशीच्या तशी होती. तिनं ती उचलून झग्याच्या खिशात टाकली. काडी ओढायला कुणी नव्हतं.

एप्रिलात ती परीक्षा पास झाली. परीक्षा घेणारी बाई म्हणाली, कुणी शिकवलं, चढ फार सुंदर घेता. डल्सीनं नाव सांगितलं. बाई क्षणभर थांबली आणि म्हणाली, मलाही त्यांनीच.

मग रविवार आला. डल्सी पहाटे उठली, कुसिस्टर तळले, पाकात बुडवले, खोबऱ्यात घोळले. मागची सीट पाडून डबे आडवे लावले, मागचं दार आपटून बंद केलं. घराला कुलूप घातलं. दार उघडून गाडीत बसली, झगा आवरला, पर्स मांडीवर घेतली आणि वाट बघू लागली.

उशीर होतोय, तिला वाटलं. कुठे राहिला हा. पाक निवला की खोबरं घट्ट होतं, मग लोक कुरकुरतात. तिनं हाक मारायला तोंड उघडलं, उजवीकडे वळून पाहिलं, तर तिथे स्टिअरिंग होतं आणि त्याच्यामागे कुणी नव्हतं.

ती डाव्या सीटवर बसली होती.

समोरच्या घरातली शेजारीण सांगते, की डल्सी बराच वेळ तशीच बसून होती. मग उतरली, गाडीला वळसा घालून उजवीकडे गेली. त्या दिवशी सगळ्यांना कुसिस्टर गार मिळाले आणि कुणीही कुरकुर केली नाही.