सात फुटी दारं

माणूस गेला की नोकरीची क्वार्टर सोडावी लागते. भिवपुरीची आमचीही सोडायची होती. पोशीरला गावाबाहेर प्लॉट होता आणि आजारी पडण्याआधी नवऱ्याने काढून घेतलेला नकाशा होता. कर्ज काढायचं नाही एवढं मी ठरवलं आणि तो नकाशा घेऊन बसले.

पोर्चचे गोल खांब गेले. दोन्ही बाथरूम पाठीला पाठ लावून आणली, म्हणजे नळाची लाइन एकच. कंपाउंडच्या भिंतीऐवजी तारेचं कुंपण. फरशी सगळ्या खोल्यांना एकच, त्यामुळे उरलेले तुकडेही कामाला आले.

ठेकेदार म्हणाला, "वहिनी, तुमी मलाबी विकून खाल."

"तुम्हाला घेणार कोण?" मी म्हटलं.

नकाशातल्या आठ फुटी दारांशी मात्र माझा हात थांबला. नवरा ताडमाड होता. गावातल्या जुन्या घराची दारं ठेंगणी. वाढत्या वयात त्यांनी डोक्याला इतके मार खाल्ले होते की पुढे ते कुठल्याही दारातून वाकूनच जायचे. बँकेत शिरताना, लग्नाच्या हॉलमध्ये शिरताना. लोक हसायचे. स्वतःच्या घराला अशी दारं करायची, की वाकायचं मनातसुद्धा येऊ नये, हा त्यांचा हट्ट होता.

भिंती उभ्या राहत होत्या तेव्हा मी आणि सासूबाई दुपारी पाणी मारायला जायचो. दारांच्या नुसत्या मोकळ्या जागा, वर आभाळ. सासूबाई अशा जागेतून जाताना थबकायच्या, अंग चोरून कडेला व्हायच्या, समोरून कोणी यावं तशा. मी पाइप धरून बघायचे. काही दिवसांनी मीही कडेला व्हायला लागले. चिखल टाळते, असं स्वतःला सांगायचे.

मग ठेकेदाराने विषय काढला. "उद्या लिंटेल भरतोय, दारांवरचा पट्टा. एकदा भरला की उंची बदलता येणार नाय. सात फुटी दारं दुकानात तयार मिळतात. आठची करून घ्यावी लागतील, भिंती वाढतील, स्लॅब वर जाईल. बघा, खिडक्यांचा सगळा खर्च त्यात निघंल."

"सात फुटांतून उंच माणूस जातो ना?"

"आरामात. पण घरात उंच माणूस हाय कोण?"

त्याला कळलं आपण काय बोललो ते. तो फावड्याकडे बघत राहिला.

सासूबाई विटांच्या थरावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जाईल गं तो सातातून. पन वाकंल. आपल्याच घरात उगाच वाकंल."

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. खिडक्यांशिवाय पावसाळा काढता येत नाही. "सात करा," मी म्हटलं.

त्या रात्री सासूबाई जेवल्या, भांडी पुसली, झोपल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पावसाळ्याआधी आम्ही राहायला गेलो. घर सोयीचं झालं. कड्या आमच्या हाताला येतात, जळमटं काढायला स्टूल लागत नाही. पण कोणी दार वाजवलं की उघडताना माझी नजर आधी वरच्या पट्टीकडे जायची, मग माणसाकडे. दूधवाल्यानेसुद्धा एकदा मागे वळून बघितलं.

सर्वपित्रीला आम्ही पान वाढून अंगणात ठेवलं. भर दुपार. कावळा येऊन गेला. सासूबाईंनी पुढचं दार सताड उघडून फळीला वीट लावली आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. वारा नव्हता. मी म्हटलं, "आई, मांजर आत येईल. स्वयंपाक उघडा आहे."

"थांब जरा."

मी थांबले. मला गॅसवरची खीर बघायची होती, आणि मी जागची हलले नाही. त्या दाराकडे बघत होत्या. मी फरशीकडे बघत होते. मग त्या कडेला झाल्या. मीही झाले.

बऱ्याच वेळाने त्यांनी पायाने वीट बाजूला सारली.

"ते वाकले का?" मी विचारलं.

"नाय," त्या म्हणाल्या. "सरळ आला."

मी दार ओढून घेतलं आणि खीर बघायला गेले.