भासऱ्यांची जागा

वाटणीत भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावानं, इंजिनाची होडी स्वतःकडे ठेवली. खडकपूर्णा धरणाच्या काठावर वर्षानुवर्षं उलटी पडलेली शिडाची नाव आमच्या गळ्यात मारली. 'चुलीत घाला,' म्हणाले न् हसले. मी डोक्यावर पदर घेऊन गप्प. आमच्यात भासऱ्यांसमोर बाई तोंड उघडत नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली, मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

उन्हाळाभर आम्ही दोघं त्या नावेशी झटलो. सडक्या फळ्या यांनी बदलल्या. मी फटींत कापूस ठासून वरून डांबर ओतलं, खताच्या पोत्यांचं शीड शिवलं. पुढच्या बैठकीखालची एक फट मात्र मुद्दाम अर्धीच भरली. यांनी पाहिलं. 'काऊन वं?'

'राहू द्या.'

दिवाळीनंतर भासऱ्यांचं इंजिन बंद पडलं. पलीकडच्या गावात साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, म्हणून ते कोरं पांढरं धोतर नेसून आमच्याच नावेपाशी आले. मी हातानंच पुढची बैठक दाखवली. मधोमध पोचलो तोवर त्यांच्या पायाशी पाणी साचलं, धोतर भिजलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मी पत्र्याचा डबा त्यांच्या हातात दिला आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले.

'उपसा.'